मोटारीचे दिवे : निवड आणि जोडणी

शाळेच्या फाटकापाशीं सकाळीं ज्या मोटारी येऊन उभ्या राहतात त्यांकडे सहज पाहिलें, तर त्यांतील पुष्कळशा आतां एकाच बांध्याच्या असल्याचें दिसतें. लांबी चार मीटरांच्या आंत-बाहेर, बैठक उंच, चाकें मोठीं आणि तोंड जरा दांडगें. हिला 'कॉम्पॅक्ट एस्. यू. व्ही.' म्हणतात, मुलें नुसतेंच 'एस्. यू. व्ही.' म्हणतात, आणि आम्हीही येथें तेंच नांव चालवूं. ही गाडी घरीं आल्यावर थोड्याच दिवसांत घरांतील तरुण मंडळींच्या मनांत एक विचार हटकून येतो, तो असा कीं, हिचे दिवे मंद आहेत व ते बदलले पाहिजेत. पालक त्याविषयीं आम्हांस विचारतात. मुलें विचारीत नाहींत. तीं बाजारांतून बल्बच घेऊन येतात. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाकडे हा प्रश्न यावा हें योग्यच आहे. कारण प्रकाश आणि विद्युत् यांविषयीं शाळेंत जें शिकविलें जातें त्याहून अधिक ज्ञान यास फारसें लागत नाहीं. जें शिकलों तें फळ्यावरून उतरवून बॉनेटखालीं नेण्याची तयारी मात्र पाहिजे.

दिवे बदलण्यापूर्वीं त्यांचें काम काय तें ठरवूं. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दर सेकंदास २२ मीटरांहून थोडें अधिक अंतर कापते. अडथळा दृष्टीस पडल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद जातो असें धरल्यास तेवढ्यांतच ३३ मीटर सरतात. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक उत्तम लागले तरी गाडी थांबावयास आणखी सुमारें ३५ मीटर लागतात. एकूण ६८ झाले. रस्ता पावसानें ओला असेल तर ही बेरीज ९५ पर्यंत सहज जाते. आतां खालच्या झोतांत, ज्यास आमच्याकडे 'डिपर' म्हणतात, काळोख्या रंगाची वस्तु साधारणपणें साठ मीटरांच्या आसपासच नीट ओळखूं येते. म्हणजे डिपरवर ८० च्या वेगानें जाणारा मनुष्य दिसेल त्या अंतरांत थांबूं शकत नाहीं. हा हिशेब मुलांनीं स्वतः वहींत मांडून पाहावा व संध्याकाळीं वडिलांस दाखवावा.

दक्षिण महाराष्ट्रांत राहणाऱ्यांस हा हिशेब केवळ वहींतला नव्हे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला कीं, पहाटेच्या अंधारांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या जोड-ट्रॉल्या रस्त्याच्या कडेनें ओळीनें चालूं लागतात. मागें वाडीं लोंबत असतात. त्यांखालीं प्रकाश परतविणारी लाल पट्टी लावलेली असली तरी ती झांकली जाते. अशा वेळीं चांगला दिवा ही चैन नव्हे, हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. प्रश्न इतकाच कीं, चांगला दिवा कशास म्हणावें?

बाजारांत याचें उत्तर तयार असतें. डब्यावर मोठ्या अक्षरांत '२०,००० लुमेन' असें छापलेलें असतें व त्याच डब्याच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत '३० वॅट' असें असतें. ज्यास भागाकार येतो त्यास हें कोडें कठीण नाहीं. आजचा चांगला एल्. ई. डी. दर वॅटास सुमारें १०० ते १५० लुमेन प्रकाश देतो. तेव्हां ३० वॅटांत तीन-चार हजार लुमेन झाले तर पुष्कळ झाले. वीस हजारांस सव्वाशेहून अधिक वॅट वीज लागेल. एकाच डब्यावरील दोन आंकडे एकमेकांस खोटें पाडीत असतां तो डबा विकत घेणें आम्हांस नवल वाटण्यासारखें आहे. पण दुकानांत उभें राहून भागाकार करणारे ग्राहक थोडे.

दुसरी गोष्ट अशी कीं, लुमेन म्हणजे बल्बांतून सर्व दिशांस निघणारा एकंदर प्रकाश. रस्त्यास त्याचा उपयोग किती होतो हें लुमेनवरून कळत नाहीं. विहिरीस पाणी किती आहे यावरून ऊस भिजला कीं नाहीं हें जसें सांगतां येत नाहीं, पाट कसा काढला आहे तें पाहावें लागतें, तसाच येथील प्रकार आहे. दिव्याचा पाट म्हणजे त्याच्या मागचा आरसा.

यासाठीं आपल्याकडील पुष्कळ गाड्यांच्या कमी किंमतीच्या प्रकारांत असणारा 'एच् ४' जातीचा हॅलोजन बल्ब घेऊं. हा १९७१ सालीं प्रचारांत आला, आणि पन्नास वर्षें उलटून गेलीं तरी टिकून आहे. याचें कारण त्याची रचना. त्याच्या कांचेंत दोन तंतु असतात, एक ६० वॅटचा व दुसरा ५५ वॅटचा. पहिला तंतु अंतर्गोल आरशाच्या नाभीवर बसतो. नाभीपासून निघालेले किरण आरशावरून परतल्यावर समांतर होतात, हें मुलांस पाठ आहे. हाच लांबचा झोत, म्हणजे 'अप्पर'. दुसरा तंतु नाभीच्या किंचित् पुढें ठेवलेला असतो. तेथून निघून आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आदळलेले किरण परततांना खालीं रस्त्याकडे वळतात, आणि खालच्या अर्ध्या भागावर आदळलेले वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांकडे वळतील. ते तसे वळूं नयेत म्हणून त्या तंतूखालीं धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. ती खालीं जाणारा प्रकाश अडविते. या वाटीची एक कड १५ अंशांनीं कापलेली असते. त्यामुळें झोताची वरची कड एका बाजूस थोडी चढती होते व रस्त्याच्या कडेचा पादचारी, मैलाचा दगड, उसाची गाडी ही अधिक लांबून दिसतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतों, म्हणून आपल्याकडे ही चढती कड डावीकडे असते. जेथें वाहनें उजवीकडून चालतात त्या देशांसाठीं घडविलेला संपूर्ण दिवा मागवून येथें बसविला, तर तीच कड उजवीकडे चढते आणि समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. परदेशी मालाच्या हौसेनें असे दिवे कोणी मागवीत असेल तर त्यानें हें आधीं तपासावें.

येवढ्या बारकाईनें जागा ठरविलेल्या त्या तंतूच्या ठिकाणीं आपण जेव्हां एल्. ई. डी. चा बल्ब बसवितों तेव्हां काय होतें? तंतु ही एक बारीक मळसूत्राकार तार; तिच्यांतून प्रकाश सभोंवार निघतो. एल्. ई. डी. ही एक चपटी टिकली. ती एका तोंडाकडेच प्रकाश टाकते, म्हणून दोन टिकल्या पाठीस पाठ लावून बसवाव्या लागतात, व मध्यें उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी येते. ती पट्टी जाड असेल तर दोन्ही टिकल्या नाभीपासून दूर सरतात. एक-दोन मिलिमीटरांचा फरक तो काय, असें वाटेल. परंतु आरशाजवळील मिलिमीटर पन्नास मीटरांवर जाईपर्यंत मोठा होतो. प्रकाश पुष्कळ पडतो, पण विखुरतो. गाडीपुढील दहा मीटर दुधासारखे पांढरे होतात, झोताची वरची कड पुसट होते, आणि चालवणाऱ्यास वाटतें कीं दिवे झकास झाले. तें वाटणें फसवें असतें. जवळचा रस्ता फार उजळला म्हणजे डोळ्याची बाहुली आकुंचित होते, व ज्या लांबच्या काळोखांत बैलगाडी आहे तो काळोख अधिकच दाट होतो.

चांगल्या बनावटीचे बारीक पट्टीचे बल्ब या दोषांतून बरेच सुटले आहेत, हें न सांगणें अन्यायाचें होईल. जर्मनींत २०२० सालापासून ऑस्राम कंपनीच्या अशा बल्बास रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. परंतु ती सरसकट नव्हे. कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यांत तो चालेल हें एकेक दिवा तपासून ठरविलें जातें व त्याची यादी असते. म्हणजे तेथेंही प्रश्न बल्बाचा मानलेला नाहीं. बल्ब आणि आरसा या जोडीचा मानला आहे. आपल्याकडे बसवणारा कारागीर अशी जोडी जमविण्याची खटपट क्वचितच करितो. निदान टिकल्यांचीं तोंडें डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळांतील तीन व नऊ या आंकड्यांकडे असावीं, वर-खालीं असूं नयेत, इतकें तरी मालकानें पाहून घ्यावें.

रंगाविषयींही मोठा घोटाळा आहे. डब्यावर '६,५०० केल्विन' असें लिहिलेलें असतें तें तेजाचें माप नव्हे, रंगाचें होय. हॅलोजनचा पिवळसर प्रकाश सुमारें ३,२०० केल्विनचा; आंकडा जसजसा वाढतो तसतसा प्रकाश निळसर होतो. निळसर प्रकाश डोळ्यांत अधिक खुपतो, आणि चाळिशी उलटलेल्यांच्या डोळ्यांतील भिंग स्वच्छ राहिलेलें नसल्यानें त्यांस तो विशेषच जाचतो. या पत्रिकेचे वाचक असलेले बहुतेक पालक याची साक्ष देतील.

येथें थोडें थांबून एक गोष्ट स्पष्टपणें लिहितों. एस्. यू. व्ही. चा दिवा मुळांतच लहान मोटारीच्या दिव्याहून उंच असतो. त्यांतून विखुरलेला प्रकाश बाहेर पडला तर तो कोणाच्या डोळ्यांत जातो? समोरच्या ट्रकचालकाच्या नव्हे. तो आपल्याहून उंच बसलेला असतो. तो जातो सायकलस्वाराच्या आणि स्कूटीवाल्याच्या डोळ्यांत. आमच्या शाळेचीं कित्येक मुलें-मुली संध्याकाळच्या शिकवणीहून सायकलनें घरीं परततात. पुढून असा झोत आला कीं तीं क्षणभर आंधळीं होतात व रस्त्याची कड सोडून खालीं मातींत उतरतात. त्या मातींत खड्डा असतो कीं गटार, हें त्यांस तेव्हां दिसत नाहीं. डोळा पुन्हां सावरावयास दोन-तीन सेकंद तरी लागतात. उलट, आंधळा झालेला मनुष्य मोटार चालवीत असेल तर ८० च्या वेगांत तीन सेकंदांचे ६६ मीटर होतात, आणि ते तो कांहीं न पाहतां जातो. एकाच घरांतील वडिलांची मोटार आणि मुलाची सायकल एकाच रस्त्यावर समोरासमोर येऊं शकतात, हें दिवे निवडतांना मनांत असूं द्यावें.

कायद्याचें म्हणणेंही याहून निराळें नाहीं. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ रचनेहून नोंदणीपुस्तकांतील तपशील भिन्न होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें पुन्हां ठासून सांगितलें. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें आलेल्या १८२-अ कलमांत परवानगीवांचून केलेल्या दर फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खालीं झुकलेला व डोळे न दिपविणारा असावा हेंही नियमांत आहे. त्याच जातीचा, त्याच वॅटचा नवा बल्ब घालणें ही दुरुस्ती होय. छपरावर लांबलचक एल्. ई. डी. पट्टी बसविणें, पुढें लाल-निळे लुकलुकते दिवे लावणें, हॅलोजनच्या आरशांत झेनॉनचा संच कोंबणें, यांविषयीं मात्र आम्ही चर्चाही करीत नाहीं.

मग करावें तरी काय? आमच्या मतें आरंभ पैसे न घालतां करावा. गाडी चार-पांच वर्षांची झाली कीं दिव्यावरील प्लॅस्टिकची कांच उन्हानें पिवळी व धुरकट होते. आंतला बल्ब कितीही चांगला असला तरी त्याचा प्रकाश तेथेंच अडतो व विखुरतो. पाण्याच्या कागदानें, प्रथम १,०००, मग २,००० व शेवटीं ३,००० नंबरच्या, सतत पाणी सोडीत ती घांसावी, पॉलिश करावी, आणि वर अतिनील किरणांपासून रक्षण करणारा लेप द्यावा. लेप न दिल्यास थोड्याच महिन्यांत ती पुन्हां पिवळी पडते. टूथपेस्टनें घांसण्याचा जो उपाय घरोघर सांगतात त्याची टिकाऊपणाची मुदत याहूनही कमी आहे. त्याबरोबर पुढची मोठी कांच आंतून पुसावी. आंतून साचलेला चिकट थर दिवसा दिसत नाहीं, रात्रीं समोरचा दिवा पडला कीं दिसतो.

त्यानंतर विजेचा दाब मोजावा. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणांत कमी होत नाहीं. फार अधिक वेगानें कमी होतो. दाब दहा टक्के घटला तर प्रकाश सुमारें तीस टक्के घटतो. इंजिन चालूं ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरनें प्रथम बॅटरीच्या दोन टोकांत व मग बल्बाच्या होल्डरमागें दाब मोजावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बापाशीं १२.६ असे आंकडे आले तर समजावें कीं दहा टक्के दाब तारांत, स्विचांत आणि गंजलेल्या जोडांत खर्ची पडतो आहे. अशा गाडींत महाग बल्ब घालण्यापेक्षां वाट मोकळी करणें शहाणपणाचें. फरक अर्ध्या व्होल्टच्या आंत असेल तर तारा ठीक आहेत, तेथें हात घालूं नये.

वाट मोकळी करण्याचें साधन म्हणजे रिले. मुख्याध्यापक स्वतः घंटा वाजवीत नाहींत. ते शिपायास खूण करितात आणि शिपाई टोल देतो. रिलेचें काम असेंच आहे. त्याच्या चार पायांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आंकडे कोरलेले असतात. ८५ व ८६ यांमध्यें एक बारीक वेटोळें असतें; डॅशबोर्डावरील स्विचांतून आलेला लहानसा प्रवाह, एका अँपिअरच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी, त्यांतून गेला कीं तें लोहचुंबक बनतें व आंतील पाकळी ओढून ३० आणि ८७ हे पाय एकमेकांस जोडतें. ३० वर बॅटरीपासून जाड तार येते, ८७ पासून ती दिव्याकडे जाते. असा जोडतयार संच 'हार्नेस' या नांवानें मिळतो. ज्यास गाडीची मूळ तार न कापतां मूळ होल्डरांतच खोंवतां येतें असाच संच घ्यावा. तार कापली म्हणजे हमी संपली असें कंपनीवाले म्हणूं शकतात, आणि त्यांचें अगदींच चुकतें असेंही नाहीं. नव्या गाड्यांत दिवे एका संगणकाच्या हुकुमानें चालतात. तेथें कापाकापी केल्यास डॅशबोर्डावर नाना इशारे उमटूं लागतात.

फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठीं असतो असा समज आहे. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत पाहिजे. त्याच्या अलीकडील तारेस कोणीच राखणदार नसतो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टांवर सुमारें ९ अँपिअर घेतात, त्यांस १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. कांहीं लोक मूळच्या तारांवरच १०० वॅटचे बल्ब चढवितात. प्रवाह ४.६ अँपिअरवरून ८.३ वर जातो. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे तिप्पटीहूनही अधिक होते. होल्डर वितळलेला, प्लॅस्टिक तपकिरी झालेलें, आणि आरशाचा मुलामा काळवंडलेला असा दिवा आम्ही एकाहून अधिक वेळां पाहिला आहे.

आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीस एका शहरांतील दुकानानें धुक्याचे दिवे बसवून दिले. तार रबराच्या बुचांतून न नेतां पत्र्याच्या भोंकांतूनच ओंवली होती, आणि फ्यूज घालावयाचा राहूनच गेला होता. महिनाभर दिवे उत्तम लागले. पुढें श्रावणांत सहकुटुंब सावंतवाडीस जात असतां आंबोलीच्या घाटांत, ऐन धुक्यांत, पत्र्याच्या धारेनें तारेची साल कापली गेली. जळका वास आला, बॉनेटच्या फटींतून धूर निघाला. सुदैवानें त्यांच्या मुलीस वास प्रथम आला व तिनें गाडी थांबवावयास लावली. बॅटरीची तार सोडवेपर्यंत फुटभर तार उघडी पडून तांबें लाल झालें होतें. मागील बाकावर दोन लहान मुलें झोंपलेलीं होतीं. दहा रुपयांचा फ्यूज आणि दोन रुपयांचें रबरी बूच, इतकीच या प्रसंगाची किंमत. म्हणून काम दुसऱ्याकडून करून घेतलें तरी परत घेतांना तीन गोष्टी मालकानें स्वतः बोटानें दाखवून घ्याव्या: फ्यूज कोठें आहे, तार पत्र्यांतून जेथें पार होते तेथें बूच आहे काय, आणि परतीची, म्हणजे 'अर्थ'ची तार रंग खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडास आंवळली आहे काय. कोंकणांत राहणाऱ्यांनीं त्या जागीं थोडें ग्रीसही लावावें.

धुक्याचे दिवे हीच आमच्या मतें एस्. यू. व्ही. ची खरी उपयुक्त भर होय, व पुष्कळ गाड्यांच्या बंपरमध्यें त्यांची जागा निर्मात्यानेंच सोडलेली असते. हे दिवे खालीं असतात, त्यांचा झोत रुंद व चपटा असतो, आणि धुकें बहुधा डोळ्यांच्या रेषेंत दाट दिसतें म्हणून त्याखालून रस्त्याची पांढरी रेघ दाखविण्याचें काम ते करितात. धुक्यांत अप्पर लावणें म्हणजे भिंतीवर दिवा मारणें; सगळा प्रकाश थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परततो. पिवळा प्रकाश धुकें भेदतो अशी एक समजूत आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. आकाश निळें दिसतें याचें कारण हवेचे कण प्रकाशलहरींच्या मानानें फारच सूक्ष्म असल्यामुळें निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशलहरीच्या कितीतरी पट मोठे असतात. ते सर्व रंगांस जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून तर धुकें पांढरें दिसतें. तेव्हां पिवळा प्रकाश धुकें भेदीत नाहीं. त्यांत निळा भाग नसल्यानें डोळ्यांस चुरचुर कमी होते इतकाच त्याचा गुण, आणि घाटांत तोही कांहीं कमी नव्हे. धुकें सरलें कीं हे दिवे विझवावे.

बल्ब बदलतांना दोन्हीकडचे एकदम बदलावे. हॅलोजन बल्बाच्या कांचेस बोट लावूं नये. बोटाच्या घामाचा क्षार तापलेल्या क्वार्ट्झवर डाग पाडतो व तेथून ती फुटते. लागलेंच तर स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावें. एल्. ई. डी. चा बल्ब घेतलाच असेल तर त्याच्या मागचा पंखा दिव्याच्या रबरी टोपणांत कोंडत नाहीं ना तें पाहावें. टोपण लावलें तर तो तापून लवकर मरतो आणि न लावलें तर पावसाळ्यांत दिव्यांत पाणी शिरतें. पुष्कळांचे दिवे या दोहोंच्या मध्येंच नासतात. ज्यांस एल्. ई. डी. च हवा आहे त्यांनीं आपल्याच गाडीच्या वरच्या प्रकारांत कंपनीचा संपूर्ण दिवा तसा येतो काय याची अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी. तो महाग पडतो; पण त्यांतील आरसा, भिंग आणि टिकली एकमेकांसाठीं घडविलेलीं असतात.

आतां शेवटचें काम, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. बाजारांत तें विकत मिळत नसल्यानें बहुधा राहून जातें. दिव्यांची दिशा लावणें हें तें काम. सपाट जमीन आणि उभी भिंत पाहिजे. शाळेच्या मैदानाची पूर्वेकडील भिंत यास उत्तम आहे, व रविवारीं संध्याकाळीं पालकांनीं ती खुशाल वापरावी. चारी चाकांत हवा बरोबर असावी, चालकाच्या जागीं कोणी बसावें, डॅशबोर्डावर दिवे खालीं-वर करण्याची चकती असल्यास ती शून्यावर ठेवावी. गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरांवर उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनें आडवी रेघ मारावी, आणि तिच्याखालीं १० सेंटिमीटरांवर दुसरी. दिव्याजवळ किंवा निर्मात्याच्या पाटीवर '१.२ टक्के' यासारखा आंकडा छापलेला असेल तर त्याप्रमाणें १२ सेंटिमीटर घ्यावे. डिपर लावून झोताची वरची सपाट कड या दुसऱ्या रेघेवर येईपर्यंत दिव्यामागील पेंच अर्धा-अर्धा फेरा देऊन फिरवावा. एक दिवा लावतांना दुसऱ्यावर पोतें टाकावें.

या दहा सेंटिमीटरांचा अर्थ मुलांनीं समरूप त्रिकोणांवरून काढावा. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच आणि झोत दर १० मीटरांस १० सेंटिमीटर उतरता, तर तो ८० मीटरांवर जमिनीस टेकतो. उतार निम्मा केला तर १६० मीटरांवर. उतार नाहींसा केला तर तो जमिनीस कधींच टेकत नाहीं, समोरच्याच्या तोंडावर टेकतो. मागील बाकावर तीन माणसें बसून डिकींत सामान भरलें कीं गाडीचें नाक वर होतें व हा उतार आपोआप कमी होतो. ती चकती यासाठींच दिलेली आहे, आणि ती फिरविणारे चालक आम्हांस फार थोडे भेटले.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं ही रेघ मारून, दोन्ही झोतांच्या कडेची आकृति मापांसह आलेख-कागदावर काढून, पुढील सत्राच्या पहिल्या आठवड्यांत विज्ञानाच्या तासास आणावी. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं काळोख पडल्यावर, घरच्या वडील माणसांस बरोबर घेऊन, सायकल हातांत धरून भिंतीच्या बाजूस उभें राहावें, आणि कोणत्या गाडीचा झोत आपल्या छातीपर्यंत येतो व कोणत्या गाडीचा डोळ्यांपर्यंत, याची नोंद करावी.